पंधरा दिवसांचं भाडं

"सर, थोडं मोठ्यानं बोलाल का? एसीचा आवाज येतोय."

काउंटरपलीकडची मुलगी अगदी सहज म्हणाली. अगं बये, कुणाला सांगतेस मोठ्यानं बोलायला! स्वारगेटच्या एसटी स्टँडवर या माणसाचा आवाज तीस वर्षं लाउडस्पीकरवरून घुमलाय. 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे' असं ह्यांनी म्हटलं की भांडणारे कंडक्टरसुद्धा क्षणभर गप्प व्हायचे.

आमच्या ह्यांनी घसा खाकरला. तो मोकळा होणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"चोवीस हजार सातशे ऐंशी रुपये कशाचे, एवढंच विचारतोय."

"सर, पॉलिसीचे कस्टडी चार्जेस. वर्षाला पंधराशे, चौदा वर्षांचे, प्लस जीएसटी. तुमची ओरिजिनल पॉलिसी आम्ही सांभाळली ना इतकी वर्षं."

"मॅडम, पॉलिसी म्हणजे एक कागद. त्याला काय रोज दूधभात घालत होतात?"

मुलीला हसू आलं, ते तिनं दाबलं. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर सलोनी असं नाव होतं. वय आमच्या लेकीपेक्षाही, ऋचापेक्षाही कमी. "सर, ते वॉल्टमध्ये असतं. टेंपरेचर कंट्रोल्ड."

"मला नाही हो मिळालं कधी असलं काही. मी पत्र्याखाली होतो."

'पत्र्याखाली' म्हणताना आवाज तुटला. मी ह्यांच्या कोपराला हात लावला. "अहो, पुरे आता. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कमीत कमी बोला. ह्यांच्या स्वरयंत्रात गाठ निघाली होती, आणि ती साधी नव्हती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. मी वेड्यासारखं विचारलं होतं, "म्हणजे काही दिवस आवाज बसेल का?" डॉक्टर भले माणूस, त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "बसणार नाही, वहिनी. जाणार आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. पुढं शिकून, यंत्र लावून थोडंफार बोलता येतं, पण हा आवाज नाही." तेव्हापासून माझी झोप उडाली होती. ह्यांच्या प्रत्येक वाक्याकडे मी दुधाच्या पातेल्याकडे बघावं तशी बघत बसायचे. आता जातंय, आता जातंय.

आणि हे तो उरलेला आवाज कुठं घालवत होते, तर सातारा रोडवरच्या या थंडगार ऑफिसात.

त्यातली मेख अशी होती. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही बिबवेवाडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा कर्जवाल्यांनी अट घातली. घर तारण ठेवा, आणि शिवाय ह्यांच्या नावाची एक बचतीची विमा पॉलिसी काढून तीही तारण ठेवा. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर कर्ज त्यातून फिटेल. नाही झालं, तर मुदत भरल्यावर पैसे आमचे. मुदत आता भरली होती. चार लाखांच्या वर रक्कम होती, आणि हॉस्पिटलला अडीच लाख आधी भरायचे होते. देव पावला म्हणून मी साखर ठेवली देवापुढं. पण विमावाले म्हणाले, पॉलिसीवर अजून कर्जवाल्यांचं नाव आहे, ते काढून आणा. आणि कर्जवाले म्हणाले, आधी सांभाळण्याची फी भरा.

कर्ज फिटून चौदा वर्षं झाली होती. मग पॉलिसी त्यांच्याकडे राहिलीच कशी, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर आमच्या सासूबाई.

शेवटचा हप्ता आम्ही भरला तो नेमका पितृपंधरवडा लागला त्या दिवशी. तिथला माणूस म्हणाला, सगळे कागद आजच घेऊन जा. हे म्हणाले, "नको. पितृपंधरवड्यात घराचे कागद घरात नेले तर आई मला घरात घेणार नाही." आमच्या सासूबाई, गोदाबाई वाईकर, तेव्हा हयात होत्या, आणि त्यांच्या बाबतीत हा विनोद नव्हता. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या राज्यात नवा खराटासुद्धा यायचा नाही. तर हे परत गेले ते थेट घटस्थापनेला. घराचं खरेदीखत मिळालं. ते घटाशेजारी ठेवून आम्ही हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. पॉलिसी तेवढी मधल्यामध्ये मुंबईच्या तिजोरीत गेली होती. "आठ दिवसांत मागवून ठेवतो," तो माणूस म्हणाला. त्यानं मागवली नाही आणि आम्हीही विसरलो. विम्याचा हप्ता बँकेच्या खात्यातून परस्पर कापला जायचा. डोळ्यासमोर काही आलं तर आठवण येणार ना. पुढं ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं गिळली, बाजीराव रोडचं ऑफिस इकडं आलं, सासूबाई गेल्या.

"सर, सिस्टममध्ये नोट आहे," सलोनी स्क्रीनकडे बघत म्हणाली. "'कस्टमरने वैयक्तिक कारणास्तव कागदपत्रे नेली नाहीत.' म्हणून चार्जेस तुमच्याकडे लागतात."

"पितृपंधरवडा हे वैयक्तिक कारण नाही," हे म्हणाले. "सार्वजनिक आहे."

"आज पेमेंट केलंत तर आठ दिवसांत पॉलिसी हातात, सर."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आठ दिवस. सगळं बसत होतं. पण हे उठले, चष्मा खिशात ठेवला आणि म्हणाले, "मी भरणार नाही. तक्रार लिहून घ्या."

रिक्षात मी तोंड उघडलं. "भरून टाकू या ना हो. नंतर भांडा."

ह्यांनी मान हलवली. "भरले की मान्य केलं." आणि थोड्या वेळानं, "नंतर कशानं भांडू?"

मी बाहेर बघत बसले.

मला बाई भांडण जमत नाही. म्हणजे घरात जमतं. बाहेर जमत नाही. मी साड्यांना फॉल-पिको करते, तीस वर्षं करते आहे, आणि अजून कुणी मजुरीचे वीस रुपये कमी दिले तर "असू दे, असू दे" म्हणते. ह्यांचं उलट. दूधवाल्यानं पिशवी ओली दिली तरी हे खाली उतरून त्याला विचारणार. पण आवाज कधी चढवायचे नाहीत. स्टँडवरची सवय. "लाउडस्पीकरवर ओरडायचं नसतं," म्हणायचे, "तो ओरडतोच आहे. आपण फक्त नीट सांगायचं."

हा आवाज मी ह्यांना बघायच्या आधी ऐकलाय. लग्न जमवायला वडिलांबरोबर भोरहून आले, स्वारगेटला उतरले, तर डोक्यावरून सांगणं चाललेलं, महाडची गाडी कुठं लागली आहे ते. मी वडिलांना म्हटलं, किती स्वच्छ बोलतात ना शहरातले लोक. तेव्हा मला काय माहीत, हाच आवाज पुढं जन्मभर 'उल्का, चहा टाक' म्हणणार आहे!

रविवारी ऋचा आली. आमची एकुलती एक लेक, हिंजवडीत नोकरी करते, तिथंच फ्लॅट घेतलाय आणि स्वतःच कर्जात बुडाली आहे. आल्या आल्या तिनं ह्यांचा फोन हातात घेतला.

"बाबा, कॉल रेकॉर्डिंग ऑन करून देते. कस्टमर केअरचा प्रत्येक कॉल आपोआप सेव्ह होईल. हे लोक उद्या म्हणतील आम्ही असं बोललोच नाही. प्रूफ पाहिजे."

हे खूश झाले. "शाबास," म्हणाले.

"आणि बाबा, अजून एक." ऋचा फोनकडेच बघत होती. "थोडं काहीतरी बोलून ठेवा ना. माझ्यासाठी. आईसाठी. डॉक्टर म्हणाले, बरेच पेशंट्स करतात असं."

मी त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिले. पोळी करपली तरी हात हलला नाही.

"काय बोलू?" हे म्हणाले.

"काहीही."

"काहीही कसं बोलणार? गाडी कुठली ते माहीत नसताना अनाउन्समेंट करता येत नाही."

"मग तीच करा ना. स्वारगेटची."

"फलाट नाही, गाडी नाही. खोटी अनाउन्समेंट मी कधी केली नाही, ऋचा."

तरी तिच्यासाठी बसले. फोन टेबलावर उभा केला, केस सारखे केले, जसं काही फोटो काढायचाय. "हॅलो. मी रंगनाथ वाईकर बोलतोय." मग थांबले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी त्यात गेली असेल. ह्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि फोन पालथा ठेवला. "नाही जमत. मेल्यासारखं वाटतं."

ऋचानं स्वतःच ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

फोन मात्र रोज सुरू झाले. सकाळी चहा झाला की हे खुर्ची खिडकीजवळ ओढायचे, फोनचा स्पीकर लावायचे आणि एक दाबा, तीन दाबा, करत बसायचे. मग ते भिकार संगीत. त्यात मध्येच एक बाई सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हे तिला उत्तर द्यायचे, "दिसतंय." मग कुणीतरी पोरगी यायची, सगळं पहिल्यापासून विचारायची, हे पहिल्यापासून सांगायचे. कर्ज कधी घेतलं, कधी फेडलं, घटस्थापनेला आलो होतो. घसा सोलवटायचा. दोन वाक्यांमध्ये पाण्याचा घोट घ्यायचे. पोरगी म्हणायची, एक मिनिट होल्ड करा सर. की परत ते संगीत.

माझं काय होत होतं ते मलाच माहीत. फॉल लावताना सुई बोटात घुसायची. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवायचं नाही. हॉस्पिटलवाल्या बाईचा फोन यायचा, "डिपॉझिटचं कधी करताय?" मी म्हणायचे, "करतोय हो, पॉलिसीचं चाललंय." आणि इकडं हे खरखरत्या आवाजात कुणाला तरी विचारताहेत, 'कस्टडी' म्हणजे कैद ना, मग कैद्याकडून भाडं घेतात का?

एके दिवशी मी फुटले. हे होल्डवर होते, आणि मी स्वयंपाकघरात एकेक भांडं आपटत होते. फोन संपल्यावर बाहेर येऊन म्हटलं, "मोजकाच राहिलेला आवाज, तो या मेल्यांवर घालवताय? त्यांना काय किंमत आहे त्याची? आम्ही नाही का कुणी? माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलत नाही तुम्ही!"

ह्यांनी फोन बाजूला ठेवला. मग इतक्या हळू बोलले की मला पुढं वाकावं लागलं.

"तुझ्याशी काय बोलू? मी तोंड उघडलं की तुझे डोळे भरतात. ऋचा मान खाली घालते. शेजारचे येतात ते हात धरून बसतात." पाणी प्यायले. "या लोकांना काही माहीत नाही. त्यांच्याशी भांडतो तेवढा वेळ मी आजारी नसतो, उल्का."

मी आत गेले आणि नळ सोडून रडले. डोळे भरतात म्हणाले ना, मग दिसायला नको.

पण रडून अडीच लाख उभे राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी हे आडवे झालेले बघून मी पिकोच्या पैशातले साठवलेले काढले, पिशवीत घातले आणि एकटी सातारा रोडला गेले. ह्यांना सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. कंपनीनं फी माफ केली म्हणून सांगेन, जिंकलात म्हणेन, पेढे आणेन. नवऱ्याशी इतकं मोठं खोटं कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी मी काहीही बोलले असते.

सलोनीनं ओळखलं. पाणी दिलं. मी पिशवी काउंटरवर ठेवली. "घे बाई एकदाचे. आणि ती पॉलिसी दे."

"मॅम, पेमेंट घेते मी. पण सरांची कम्प्लेंट ओपन आहे ना, ती आधी क्लोज करावी लागेल." तिनं टेबलावरचा फोन पुढं ओढला. "आत्ता सरांना कॉल लावते. रेकॉर्डेड लाइन आहे. सरांनी फक्त 'चार्जेस मला मान्य आहेत' एवढं म्हणायचं. एका सेकंदाचं काम आहे."

"तेवढं मी म्हटलं तर?"

"नाही मॅम. सरांच्याच आवाजात लागतं."

तिनं नंबर फिरवायला घेतला. मला घरातली ती खुर्ची दिसली. फोन वाजणार, हे चष्मा शोधणार, आणि जो काही आवाज उरलाय त्यात म्हणणार, मान्य आहे. माझ्यासाठी म्हणतीलही. मी इथं येऊन बसले आहे एवढं कळलं, की एक शब्द न विचारता म्हणतील.

"राहू दे," मी म्हटलं. तिचा हात धरला चक्क. "राहू दे गं. ठेव तो फोन."

बाहेर आले. बसस्टॉपवर उभी राहिले, दोन बस सोडल्या. भीती वाटत होती, नुसती भीती. आपण बरोबर केलं की नवऱ्याचं ऑपरेशन हातानं लांबवलं, ते कळत नव्हतं. शेवटी तिथूनच ऋचाला फोन केला आणि म्हटलं, हॉस्पिटलचे पैसे तू भर. ती म्हणाली, "आई, मी केव्हाची म्हणतेय!" संध्याकाळी मी ह्यांना एवढंच सांगितलं. लेकीकडून पैसे घ्यायचे म्हणजे ह्यांच्या जिवावर आलं होतं. मग म्हणाले, "पॉलिसी आली की आधी तिचे." पिशवीचं मी बोलले नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी दुपारी कंपनीचाच फोन आला. कुणी श्रीनिवास म्हणून वरचे साहेब. आवाजावरून साठीकडे झुकलेले, आणि बोलणं आखडतं. मी मशीन थांबवलं.

"वाईकर ना? तुमच्या एकूण अकरा तक्रारी आहेत आमच्याकडे."

"अकरा नाहीत," हे म्हणाले. "एकच आहे. तुम्ही अकरा वेळा ऐकली."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज. "पितृपंधरवड्यात कागद नेत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. हे खरं?"

"खरं."

"मग कागद आमच्याकडे राहिले ते तुमच्या सांगण्यावरून."

"बरोबर. पण पंधरवडा म्हणालो. पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस." ह्यांनी घोट घेतला. आवाज आता नुसता वारा होता, पण शब्द सुटे सुटे, स्टँडवरच्यासारखे. "घटस्थापनेला मी दारात हजर होतो. त्या दिवशी तुमच्याकडे पॉलिसी नव्हती. तेव्हापासून ती हरवलेली आहे, सांभाळलेली नाही. हरवल्याचं भाडं कसलं? पंधरा दिवसांचं मात्र मी देणं लागतो. ते घ्या. एक रुपया कमी देणार नाही."

मग श्रीनिवास म्हणाले, "वाईकर, मूळचे पुण्याचेच का?"

"का? बाहेरच्यांना वेगळा दर आहे?"

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "बघतो. कळवतो." फोन बंद झाला.

हे खुर्चीत मागं रेलले. घामाघूम झाले होते. मी पदरानं कपाळ पुसलं, तर माझा हात बाजूला करून म्हणाले, "झालं माझं सांगून."

सोमवारी ह्यांना आत नेलं. ऋचा एका बाजूला, मी एका बाजूला, मधे चाकांची खाट. आता काही तरी म्हणतील म्हणून मी पुढं झाले. ह्यांनी मला जवळ बोलावलं. "चष्मा तुझ्याकडे आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

दार लागलं. छत्तीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं वाक्य, आणि ते चष्म्याचं! मला इतका राग आला, इतका राग आला, की ऋचानं मला धरून बाकावर बसवलं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ सगळी निघाली, डॉक्टर म्हणाले. आता गळ्यात एक भोक आहे, त्यावर जाळीचा रुमाल असतो, श्वास तिथून चालतो. हे जिवंत आहेत, खातात, पितात, संध्याकाळी चालून येतात. बोलायचं असलं की ऋचानं आणलेली मुलांची पांढरी पाटी घेतात. पहिले काही दिवस मी ह्यांना मोठ्यानं उत्तरं द्यायचे, जसं काही ऐकायला येत नाही. हे लिहायचे: 'कान आहेत.'

महिनाभरानं फोनवर मेसेज आला. सुधारित शुल्क: त्र्याहत्तर रुपये. मी तीनदा वाचला. पंधरा दिवसांचे, करासकट. मी नाचायचीच बाकी होते. हे शांत. पाटीवर लिहिलं: 'सुटे घे.'

आम्ही दोघं गेलो. सलोनी उभीच राहिली. "सर, काँग्रॅट्स! श्रीनिवास सर स्वतः बसून कॅल्क्युलेशन करत होते. म्हणाले, करेक्ट आहे त्यांचं." ह्यांनी दहाच्या सात नोटा आणि तीन नाणी काउंटरवर एकेक करून ठेवली. तिनं पॉलिसी पुढं केली. पिवळी पडली होती. एवढ्या टेंपरेचर कंट्रोलमध्येही पडलीच होती.

"सर आज काहीच बोलत नाहीत?" ती हसत म्हणाली. "आज तर तुमचा दिवस आहे."

मी तिला सांगितलं. तिचं हसू गेलं. ह्यांच्या गळ्यातल्या रुमालाकडे तिचं आत्ता लक्ष गेलं. "मी... त्या दिवशी मी मोठ्यानं बोला म्हणाले होते," ती म्हणाली. ह्यांनी पाटी काढली, लिहिलं आणि तिच्यासमोर धरली: 'पावती.' मग खाली आणखी लिहिलं: 'एसीचा आवाज होताच.'

ऋचाचे पैसे आधी फिटले. तिनं घ्यायला बरेच आढेवेढे घेतले, पण ह्यांच्या पाटीपुढं कुणाचं चालत नाही.

गेल्या रविवारी ती आली होती. ह्यांचा फोन सारखा अडकतोय म्हणून साफ करायला बसली. "आई, ही सगळी कस्टमर केअरची रेकॉर्डिंग्ज आहेत. केस संपली. डिलीट करू?"

"कर," म्हणणार होते. तोंडातून निघालं, "थांब." माझ्या आत्ता कुठं डोक्यात शिरलं, त्या फोनमध्ये काय आहे ते. ऋचाच्याही. ती माझ्याकडे बघायला लागली.

आज दुपारी हे समोर मटार सोलत बसले होते. मी फोन घेतला, त्यातलं एक लावलं आणि आवाज कमी ठेवला. आधी ते भिकार संगीत. मागं कुठंतरी भांडी आपटल्याचा आवाज. ती मीच. कशी आपटत होते, बाई! मग अगदी जवळून, फोनशी नाही, दुसरीकडे तोंड करून, तो आवाज:

"उल्का... ये ना, बस इथं जरा. हे काही एवढ्यात येत नाहीत."

संगीत चालू. भांडीही चालू. मी काही गेले नाही त्या दिवशी.

"अगं, चहा राहू दे. नुसती बस."

मी फोन घेऊन उठले आणि खिडकीजवळ ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. ह्यांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. हातातली शेंग तशीच राहिली. माझे डोळे भरले होते, आणि या वेळी मी ते लपवले नाहीत.

संगीत थांबलं. ती पोरगी परत आली. "हॅलो सर? होल्डवर ठेवल्याबद्दल सॉरी. सर, आपण लाइनवर आहात का?"

"आहे," हे म्हणाले. "इथंच आहे मी. बोला."